संकटापूर्वीची सेवा : प्लेगपासून पालीपर्यंत

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे मंदिराची पायाभरणी, धर्मगुरूंची नामावळी, शाळेचा प्रारंभ व संघांची स्थापना एवढ्या गोष्टी बहुधा येतात. त्या याव्यात हे योग्यच आहे. परंतु ज्या लोकांसाठी मंदिर उभारावयाचे, ते लोक साथीत, दुष्काळात, पुरात आणि भूकंपात कसे तगले, त्यांच्या उशाशी कोण बसले, आणि पुढील संकटासाठी त्यांस कोणी सावध केले, हाही इतिहासच होय. त्याची नोंद मंदिराच्या दप्तरात क्वचितच सापडते. म्हणून ह्या मंगल प्रसंगी त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

रुग्णसेवेचे दोन प्रकार आहेत. संकट कोसळल्यावर धावून जाणे हा एक, आणि संकट येण्यापूर्वी दारोदार जाऊन माणसास सावध व समर्थ करणे हा दुसरा. पहिल्याची कीर्ती होते. दुसऱ्याची होत नाही, कारण जो मृत्यू टळला तो कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या ज्या मुली आज गावोगाव हिंडून आरोग्याचे व आपत्तीच्या पूर्वतयारीचे शिक्षण देतात, त्यांचे कार्य ह्या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचे मोल कळावे म्हणून थोडे मागे पाहिले पाहिजे.

पाली व तिचा परिसर

पाली हे गाव बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी आहे. ह्याच डोंगरांत उगम पावणारी बिंदुसरा नदी पालीजवळच्या तलावात अडविली आहे. तेथून ती बीड शहराच्या मध्यातून वाहत जाऊन सिंदफणेस मिळते, आणि सिंदफणा गोदावरीस. पाली व बीड ह्यांच्या दरम्यान निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात, बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालून काढलेल्या तिच्या पाटांनी शेकडो वर्षे शेते भिजविली. पाण्याची चिंता ह्या भूमीस नवी नाही, आणि तिच्यावर आधीच उपाय योजून ठेवण्याची बुद्धीही नवी नाही, हे ती विहीर सांगते.

ह्या परिसराचे दुर्दैव असे की, येथे पाणी नसते तेव्हा मुळीच नसते, आणि येते तेव्हा घरे घेऊन जाते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात अजून ताजा आहे. १९८९ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस बिंदुसरेस आलेल्या पुराने बीड शहरात माणसे बळी गेली व अनेकांचे संसार वाहून गेले. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी शेते पाण्याखाली गेली. अशा भूमीत ‘पुढील वेळी काय करावे’ हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. तो विद्वानांवर सोपवून चालत नाही.

ख्रिस्तसभा व रुग्णसेवा

रुग्णसेवा हे पवित्र ख्रिस्तसभेचे फार जुने व्रत आहे. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला असता महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ शहर सोडून गेले नाहीत. संत कामिल्लुस ह्यांनी स्थापिलेल्या संघास १५८६ साली पोप महाराजांची मान्यता मिळाली, व त्या संघाच्या अंगरख्यावरील तांबडा क्रूस रुग्णांच्या ओळखीचा झाला. १६३३ साली संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारिलाक ह्यांनी ज्या सेवाभगिनी एकत्र केल्या, त्या मठाच्या भिंतींआड न राहता गोरगरिबांच्या घरी जात. धर्मभगिनीने रस्त्यावरून चालत रुग्णाच्या दारी जावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

तरीही एक अडचण दीर्घकाळ राहिली. धर्मभगिनींनी प्रसूतीचे काम करू नये, असा निर्बंध होता. ह्याचा परिणाम आपल्या देशात फार वाईट झाला, कारण पडद्यातील स्त्रिया पुरुष वैद्याकडे जात नसत, व धर्मभगिनीस ते काम करण्याची मोकळीक नसे. रावळपिंडी येथे हे दुःख प्रत्यक्ष पाहिलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगल ह्यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला. पुढे ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला, आणि माता व बालके ह्यांच्या शुश्रूषेसाठी धर्मभगिनींनी रीतसर शिक्षण घ्यावे असे सांगण्यात आले. १९४३ साली गुंटूर येथील भगिनी डॉक्टर मेरी ग्लावरी ह्यांच्या पुढाकाराने भारतातील कॅथलिक इस्पितळांचा संघ निर्माण झाला. मदर तेरेसा ह्यांनीही १९४८ साली कलकत्त्याच्या गल्लीबोळांत काम आरंभण्यापूर्वी पाटण्याच्या इस्पितळात ह्याच भगिनींकडे रुग्णसेवेचे प्राथमिक शिक्षण घेतले.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधितो. मदर तेरेसांच्या ठायी प्रेमाची उणीव होती असे कोण म्हणेल? तरीही त्या आधी शिकल्या. जखम कशी धुवावी हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या प्रेमानेही जखम चिघळते.

प्लेगचा धडा

महाराष्ट्रात ह्या विषयाचा सर्वांत कठोर धडा प्लेगाने दिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका डॉक्टराने तापाचे काही रोगी पाहिले, आणि हा प्लेग होय असे निदान केले. ते डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. ते गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच धर्माचे. त्यांचा पुतळा मुंबईत धोबी तलावानजीक आजही उभा आहे. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईतच प्लेगाची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम ती स्वतःस टोचून घेतली. १८९८ साली फ्रेंच वैद्य पॉल लुई सिमाँ ह्यांनी कराची येथे असे दाखवून दिले की, हा रोग उंदरावरील पिसवांच्या द्वारे माणसास होतो. म्हणजे दोन वर्षांच्या आत निदान, लस व रोगाचे कारण ह्या तिन्ही गोष्टी मनुष्याच्या हाती आल्या होत्या. तथापि पुढील काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगाने एक कोटीहून अधिक माणसे मेली.

असे का झाले? ज्ञान होते, परंतु ते लोकांच्या दारी ज्या रीतीने गेले ती रीत चुकली होती. पुण्यात १८९७ च्या मार्चपासून घरांची तपासणी गोऱ्या शिपायांकरवी करविण्यात आली. अनोळखी शिपाई माजघरात व देवघरात शिरत, रोग्यास उचलून नेत, सामान बाहेर काढून जाळीत. लोकांस वैद्यापेक्षा शिपायाचे भय अधिक वाटू लागले. ते रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले, गावोगाव पळू लागले. आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. त्याच सालच्या २२ जूनच्या रात्री प्लेगच्या कामावरील मुख्य अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईतही एका रोगी मुलीस इस्पितळात नेण्यावरून मोठा दंगा झाला.

ह्याच काळातील दुसरे चित्र पाहावे. सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले पुत्र डॉक्टर यशवंतराव ह्यांच्या साहाय्याने पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूस, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातील मुलगा प्लेगाने आजारी पडला असता त्यांनी त्यास स्वतः उचलून दवाखान्यात आणिले. त्यांस स्वतःस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुलगा वाचला. शिपाई ज्या दारातून शिव्याशाप घेऊन परतले, त्याच काळात एक वृद्ध स्त्री एका मुलास उचलून नेते, आणि कोणी तिला अडवीत नाही. वैद्यकशास्त्र दोन्हीकडे तेच होते. विश्वास मात्र एकीकडेच होता.

मुंबई, वांद्रे व आसपासच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत चौकाचौकांत दगडी क्रूस आढळतात. त्यांपैकी पुष्कळ त्या प्लेगाच्या वर्षांत लोकांनी संरक्षणासाठी उभारले आहेत. त्या क्रुसांपुढे आजही प्रार्थना होते. आम्हांस वाटते की, त्या प्रत्येक क्रुसाजवळ मुलांस हेही सांगितले जावे की, उंदीर व घाण ह्यांपासून घर जपणे हीदेखील त्या प्रार्थनेचीच दुसरी बाजू आहे.

परिचारिका-शिक्षणाची वाटचाल

ज्या देशात रोगी इतके, तेथे शिकलेल्या परिचारिका किती होत्या? १९४६ साली सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने आपला अहवाल दिला. त्यात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असा हिशेब निघाला. ह्याचे कारण पैशाचा अभाव एवढेच नव्हते. परक्याच्या शरीरास हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, ही कामे हलकी व कुलीन स्त्रीस अशोभनीय मानली जात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, परंतु येथील खेड्यांच्या स्वच्छतेविषयी त्या वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. मिरजेस डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी १८९४ साली इस्पितळ उभारिले, आणि तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांस ससून इस्पितळात हे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा समाजात कुजबुज झाल्यावाचून राहिली नाही.

ख्रिस्ती मुली ह्या कामात आरंभापासून बहुसंख्येने पुढे आल्या. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यामागे दारिद्र्य व समाजाने केलेली उपेक्षाही होती हे विसरता कामा नये. ज्यांस इतर दारे बंद होती, त्या ह्या दारातून आत गेल्या, आणि त्यांनी त्या कामाची प्रतिष्ठा वाढविली. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाचे धर्मगुरू नागपूरकडून ह्या भागात आले व घोगरगाव हे त्यांचे केंद्र झाले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला. त्याच दशकात आपल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई येथे, ग्रामीण भागासाठी शासनाचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले. आज आपल्या खेड्यांतील मुलींस परिचारिका होण्यासाठी मुंबई वा पुणे गाठावेच लागते असे नाही.

जामखेडचा प्रयोग

पालीपासून फार दूर नाही, आष्टी व पाटोदा तालुक्यांच्या सीमेस लागून, जामखेड आहे. १९७० साली तेथे डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आले. दोघांचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेले. मोठे इस्पितळ बांधून त्यांस नाव कमाविता आले असते. परंतु त्यांनी पाहिले की, इस्पितळात येणारे बहुतेक रोग गावातच टाळता येण्याजोगे आहेत. म्हणून त्यांनी प्रत्येक गावातून एक स्त्री निवडली. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतील. त्यांस जामखेडला वरचेवर बोलावून शिक्षण दिले. गरोदर स्त्रीची काळजी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठ व क्षय ओळखणे, इतक्या गोष्टी त्या शिकल्या, आणि आपल्या गावी जाऊन इतरांस शिकविल्या.

१९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या होत्या. त्या वेळी हातपंप दलित वस्तीत बसविण्याकडे त्यांनी लक्ष दिले. तहान लागली की सर्वांस त्या वस्तीत जावे लागे. आरोग्य व समता ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे इतक्या साध्या रीतीने क्वचितच कोणी दाखविले असेल. आरंभी त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, अशी संस्थेची नोंद आहे. पुढील दोन दशकांत तो आकडा तिसाच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे २००५ पासून देशभर ज्या आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यांच्या कामात जामखेडच्या त्या निरक्षर स्त्रियांचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते.

नारूचा अंत

तरुण वाचकांस नारू हा शब्दही कदाचित ठाऊक नसेल. त्यांच्या आजोबांस तो चांगला ठाऊक होता. पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर येई, आणि ऐन शेतीच्या दिवसांत माणूस महिनोन्‌महिने खाटेस खिळे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला की, जखमेतून अळ्या पाण्यात सुटत. पाण्यातील सूक्ष्म जीव त्या गिळीत, आणि ते पाणी पिणाऱ्यास वर्षभराने नारू होई. ह्यावर औषध नव्हते व लसही नव्हती. उपाय एवढाच होता की, रोग्याने विहिरीत उतरू नये, पाणी कापडाने गाळून प्यावे, पायऱ्यांची विहीर बंद करून रहाट वा हातपंप बसवावा.

हे सांगावयास कोणी तरी घरोघर जावे लागले. १९८० च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आरोग्यसेवक व परिचारिका एकेका घरी जाऊन रोगी शोधीत व गाळणीचे कापड देत. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. एक रोग केवळ शिकविण्याने व पाणी गाळण्याने देशातून नाहीसा झाला. ‘नुसते बोलून काय होते?’ असे आरोग्यशिक्षणाविषयी विचारणाऱ्यांस ह्याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६·२ इतकी होती. जगात ह्याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात व तुलनेने थोडी माणसे मरतात. येथे मात्र आठ ते दहा हजार माणसे काही क्षणांत गेली. गावेच्या गावे ढिगारा झाली.

ह्याचे कारण भूकंपापेक्षा घरांत अधिक होते. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, त्या मातीत रचलेल्या. बाहेरचे व आतले दगड एकमेकांत न गुंतलेले. आणि वर लाकडी माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती बांधिली. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही पदर दुभंगले, व मातीचे छप्पर झोपलेल्यांच्या अंगावर आले. हा प्रदेश त्या काळच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविला होता. वास्तविक आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारीस धक्के जाणवले होते. धरणीने सूचना दिली होती. ती ऐकून काय करावे हे सांगणारे मात्र गावात कोणी नव्हते.

पुढे घरे सुधारण्याची मोहीम निघाली, तेव्हा महिला मंडळांतील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून शिक्षण देण्यात आले. भिंतीत आरपार दगड घालावा, दारावरच्या पातळीत चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवावा, छपरावरील मातीचा भार कमी करावा, ह्या गोष्टी त्यांनी गावोगाव समजावून दिल्या. येथेही अनुभव तोच आला. अभियंत्याचे ज्ञान घराच्या उंबऱ्याच्या आत नेले ते ओळखीच्या स्त्रीने.

आजची पाली

पालीजवळ आज ‘इन्फंट इंडिया’ ह्या संस्थेचे आनंदग्राम आहे. दत्ता व संध्या बारगजे ह्या दांपत्याने एच.आय.व्ही.बाधित, निराधार मुलांसाठी ते उभारिले. ज्यांस नातलगांनीही जवळ केले नाही, त्यांस येथे घर मिळाले. ज्या समाजाने प्लेगाच्या रोग्यास लपविले व कुष्ठरोग्यास हाकलले, त्याच समाजात असे घर उभे राहते, ही आशेची खूण आहे.

ह्याच भागातील वस्त्यांवर परिचारिका-विद्यालयातील विद्यार्थिनींचे गट आम्ही काम करताना पाहिले आहेत. पांढऱ्या पोशाखातील अठरा-वीस वर्षांच्या मुली, खांद्यास पिशवी, हातात वही. त्या घरोघर माणसे मोजतात, गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांची नोंद घेतात, रक्तदाब पाहतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जुलाबावरचे पाणी कसे करावे, हे त्या चुलीपाशी बसून करून दाखवितात. सर्पदंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. रोग्यास न चालविता, दंशाचा अवयव स्थिर ठेवून तडक रुग्णालयात न्यावे व १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे त्या सांगतात. विजा चमकत असता झाडाखाली थांबू नये, पुराच्या पाण्यातून पूल ओलांडू नये, धरणी हादरली तर मुलांनी बाकाखाली डोके झाकून बसावे व मग मोकळ्या जागी यावे, ह्याची त्या शाळेत तालीम करवितात. एखादा अपघात झाला असे समजून, कोणास प्रथम उचलावे व कोण थोडा वेळ थांबू शकेल हे लाल, पिवळ्या व हिरव्या चिठ्ठ्या लावून शिकवितात. मुले हसतात, म्हाताऱ्या कौतुकाने पाहतात. ते हसणे आम्हांस मोलाचे वाटते, कारण पुण्याच्या प्लेगात शिपायास पाहून कोणी हसले नव्हते.

जुलाबावरील त्या पाण्याची थोरवी १९७१ साली सिद्ध झाली. बांगलादेशाच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली व शिरेतून देण्याचे द्रव संपले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस ह्यांनी मीठ व साखर ह्यांचे मिश्रण पाण्यात घालून रोग्यांच्या आप्तांकरवीच पाजविले, आणि असंख्य प्राण वाचले. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर शासनाने शेवटच्या वर्षाच्या परिचारिका-विद्यार्थिनींसही ज्येष्ठांच्या देखरेखीखाली कामावर घेण्याची मुभा दिली. ज्यांस आपण विद्यार्थिनी म्हणतो, त्यांच्यावर देशाने आपला भार टाकिला.

तथापि ह्या जिल्ह्यात त्यांच्यापुढील काम सोपे नाही. दसरा-दिवाळीनंतर आपले हजारो स्त्रीपुरुष ऊसतोडीस जातात. कित्येक वस्त्या उन्हाळ्यापर्यंत ओस पडतात. गरोदर स्त्री उसाच्या फडात असते, लस देण्याच्या दिवशी मूल दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि गावातील वहीत नाव तेवढे राहते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे उघडकीस येऊन २०१९ साली शासनास चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीचा एक दिवसही बुडू नये, म्हणून स्त्रीने आपला अवयव द्यावा, हे आपल्या युगाचे पाप होय. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७ मुली होत्या, हे दुसरे. पूर व भूकंप अकस्मात येतात. ही संकटे मात्र वर्षानुवर्षे चालत असतात, म्हणून त्यांस कोणी आपत्ती म्हणत नाही. दारोदार जाणारी परिचारिका ती पाहते. तिने पाहिलेले ऐकून घेणे हे आपले काम आहे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

प्रभूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमी वाटसरूवर दया केली एवढेच बहुधा आपण ध्यानी घेतो. परंतु त्याच्यापाशी तेल होते, द्राक्षारस होता, जखम कशी बांधावी हे त्यास ठाऊक होते, वाहन होते व धर्मशाळेत द्यावयास पैसेही होते. याजकाच्या मनात कदाचित दया आलीही असेल. झोळी रिकामी असल्यास तो काय करणार होता? योसेफाने मिसर देशात सुबत्तेच्या सात वर्षांत कोठारे भरली, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. पूर्वतयारी ही श्रद्धेची उणीव होय असे मानणारे ह्या दोन कथांचा अवश्य विचार करोत.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी आपल्या धर्मग्रामाने काही साधे संकल्प करावेत असे आम्ही सुचवितो. प्रत्येक वस्तीतील निदान दोन व्यक्तींनी, त्यांपैकी एक स्त्री असावी, प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. एकटे राहणारे वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया ह्यांची यादी करून ती आशा कार्यकर्तीपाशी व मंदिरात ठेवावी, म्हणजे पुराच्या रात्री कोणास प्रथम उठवावयाचे हे शोधावे लागणार नाही. रक्तगटांची नोंद ठेवावी. जुन्या दगडमातीच्या घरांत झोपणाऱ्या कुटुंबांनी जाणत्याकडून भिंती तपासून घ्याव्यात. ऊसतोडीस जाणाऱ्या प्रत्येक आईने मुलाचे लसीचे कार्ड शिदोरीबरोबर बांधून न्यावे. परिचारिका-विद्यार्थिनी वस्तीवर आल्या की त्यांस पाण्याचा तांब्या व बसावयास जागा द्यावी, आणि त्या सांगतात ते घरातील पुरुषांनीही ऐकावे. ज्या घरी मुलगी परिचारिका होऊ इच्छिते, त्या घराने तिच्या लग्नाची घाई करू नये. तिच्या शिक्षणास धर्मग्रामाने हातभार लावावा.

ह्यांपैकी कशासही मोठा निधी लागत नाही. कोनशिलेवर कोरावे असे ह्यांत काही नाही, आणि पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत ह्यांचे छायाचित्रही येणार नाही. परंतु कोणे एके रात्री बिंदुसरा चढेल, अथवा धरणी हलेल, अथवा एखाद्या बाळास जुलाब सुटतील, आणि त्या घरातील कोणास तरी काय करावे हे ठाऊक असेल. तेवढ्याने एक प्राण वाचेल.

ज्या मुली आज शिकत आहेत व शिकवीत आहेत, त्यांच्या हातांस प्रभू बळ देवो, त्यांच्या पायांस आपल्या वस्त्यांची वाट कधीही परकी न वाटो, आणि त्यांनी दार ठोठावले असता आपल्यापैकी कोणाचेही दार बंद न राहो, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करितो.